खुलासा: ‘मिनिमम ड्यू’ भरल्याने व्याज थांबत नाही

मंडळी, दिवाळीच्या खरेदीनंतर आपल्या नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: “क्रेडिट कार्डाची मिनिमम रक्कम वेळेवर भरली की बाकीच्या रकमेवर व्याज लागत नाही.” हे साफ चुकीचं आहे.

मिनिमम ड्यू म्हणजे बिलावर दिलेली, किमान भरायलाच हवी अशी रक्कम. ती भरली की लेट फी वाचते आणि खातं थकीत दिसत नाही, एवढंच. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. शिवाय बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे नंतर सीताबर्डीत घेतलेल्या साडीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं.

हिशेब बघा. बिल 40,000 रुपये, मिनिमम 5 टक्के धरलं तर 2,000. उरले 38,000. महिन्याला साडेतीन टक्के दराने त्यावर व्याज 1,330, वर 18 टक्के जीएसटी साधारण 240. म्हणजे दोन हजार भरूनही कर्ज जेमतेम 430 रुपयांनी उतरलं! वर्षाचा दर 42 टक्के पडतो. घर पोखरायला एवढं पुरेसं आहे.

फक्त मिनिमम भरत राहिल्यास फेड लांबते आणि चक्रवाढ व्याज लागतं, हा इशारा स्टेटमेंटवर देणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. आपलं स्टेटमेंट उघडून वाचा.

पूर्ण बिल झेपत नसेल तर जमेल तितकं जास्त भरा, कार्ड बाजूला ठेवा आणि बँकेकडे हप्त्यांची चौकशी करा. दर आणि प्रोसेसिंग फी आधी विचारून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. कुणाला पाठवला असेल, तर त्यांना हा खुलासाही पाठवा.