भाऊ-भाऊमा कागद कसाले?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी कापसाचा भाव, पावसाचा अंदाज आणि सकाळची फुलं एवढंच असतं. यंदा उन्हाळ्यात मात्र तिथे चांगलीच जुंपली. पुण्यात नोकरी करणाऱ्या चुलतभावाने गावाकडच्या सख्ख्या भावाला बोअर आणि ठिबकसाठी पैसे दिले, आणि सोबत चार ओळींचा मजकूर पाठवून 'यावर सही करून फोटो टाक' म्हणाला. झालं. आप्पांनी ग्रुपवर एकच वाक्य टाकलं, "भाऊ-भाऊमा कागद कसाले?" धडाधड अंगठे पडले. उद्या जेवणाचंही बिल लावशील, असं एकाने लिहिलं. मग मोर्चा माझ्याकडे वळला. मी श्टुटगार्टला राहतो, तेव्हा हे कोरडेपणाचं वारं माझ्याच दिशेने आलं असणार! "तुमच्या जर्मनीत तर बाप-लेकसुद्धा हॉटेलात आपापले पैसे देतात ना?"

देतात. कधीकधी. पण आपापलं बिल देणारे ते बाप-लेक एकमेकांशी बोलायचे थांबलेत असं मला दिसलेलं नाही. उलट आमच्या अमळनेर तालुक्यात एकाच ताटात जेवलेले आणि आता तहसील कचेरीत एकमेकांकडे न बघता बसलेले भाऊ मला बरेच ठाऊक आहेत. त्यांच्यात कधीच कागद झाला नव्हता.

माझ्या ऑफिसातल्या एकाने घर घेताना वडिलांकडून पैसे घेतले. करारात रक्कम, व्याज, हप्त्याची तारीख, दोघांच्या सह्या, सगळं होतं. रविवारी त्यांच्याकडे केक-कॉफीला गेलो तेव्हा म्हाताऱ्याने मला कौतुकाने फडताळ दाखवलं. स्वयंपाकाच्या पुस्तकांशेजारी जाड पुठ्ठ्याच्या फायली ओळीने उभ्या, प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी. घर, गाडी, विमा, आजारपण. शेवटच्या फायलीवर लिहिलेलं होतं, 'मी गेल्यावर'. ती उघडून त्यांनी बँक खात्यांचा कागद दाखवला आणि त्याच हाताने केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत वाढला. आपल्याकडे असं काही बोललं की आई आधी 'अशुभ बोलू नको' म्हणते.

आता हे लोक मुळातच शिस्तीचे, असं म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या मागे कर खातं उभं असतं. इथे आई-वडिलांनी प्रत्येक मुलाला दर दहा वर्षांत चार लाख युरोपर्यंत दिलेलं बक्षीस करमुक्त आहे, भावाभावांत मात्र ही मर्यादा फक्त वीस हजार युरो. बिनव्याजी कर्ज दिलं तरी न घेतलेलं व्याज हे बक्षीस धरलं जाऊ शकतं. तेव्हा हे कर्ज की बक्षीस, हे बापालाही लिहावंच लागतं. हा नियम देणारा इथे राहत असेल तर घेणारा अमळनेरला असला तरी लागू होतो. मी भावाला दहा वर्षांत वीस हजार युरोंच्या वर नुसते दिले, तर भारतात त्याला कर नाही, पण इथे मला हिशेब द्यावा लागतो. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? मला भेटलेल्यांपैकी बहुतेकांना नव्हतं.

भारतात भावाने भावाला दिलेल्या पैशाला कर नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. विचारणारा येतो तो वीस वर्षांनी. कधी तो बँकेचा मॅनेजर असतो, कधी तलाठी, कधी धाकट्या भावाची सून. तेव्हा देणारा हयात नसतो आणि घेणाऱ्याला 'ते तर मदत म्हणून दिले होते' एवढंच आठवतं. कायद्यानेही हातउसन्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. शिवाय वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र नसेल तरच सूट. म्हणून माझं मत चुलतभावाच्या बाजूने. पैसे बँकेतून द्या, आणि ते परत हवेत की नकोत हे दोन ओळींत लिहा. 'परत नकोत' हेसुद्धा लिहा. किंबहुना तेच आधी लिहा, कारण नात्यातली अर्धी भांडणं तिथेच सुरू होतात.

कागदाचं मोल अमळनेरकरांना मी सांगायला नको. विप्रो ही कंपनी १९४५ मध्ये आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून उभी राहिली आणि गावातल्या अनेक घरांनी तिचे शेअर पिढ्यान् पिढ्या न विकता सांभाळले. त्यातून कोण कुठे पोचलं याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्यात नेहमी सांगितला जातो तो धीर. पेटीत जपून ठेवलेल्या सर्टिफिकेटांवर पुढे वारसाचं नाव लागलं की नाही, ते कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर डीमॅट केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावावर विकता-देता येत नाहीत. वारसाहक्काने नाव लावता येतं, पण त्याला कागदपत्रं लागतात. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जमा होतात. तिथून परत मिळतात, पण चकरा मारून. आजोबांची पेटी एकदा दिवसाउजेडी उघडून बघायला काय हरकत आहे?

सोन्याचंही तसंच. कापसाचे पैसे आले की जळगावला सराफ्यात जायचं, ही आपली जुनी रीत. तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. सोन्याने अनेक घरांची दुष्काळी वर्षं तारलेली आहेत. पण कोणतं मंगळसूत्र कोणाचं, कोणत्या पाटल्या आईच्या माहेरच्या, हे फक्त आईला माहीत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. पावतीचा आणि दागिन्याचा फोटो काढून आईच्या तोंडून नाव लिहून घ्यायला एक दुपार पुरते. स्त्रीधन कोणाचं ते सांगायचा हक्क तिचाच आहे.

पतसंस्थांत ठेवी अडकल्याचं दुखणं जळगाव जिल्ह्याला नव्याने सांगायची गरज नाही. तरी एक फरक अजूनही लोक विसरतात. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी आई-वडिलांची सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्या भावाशी मी भांडेन, आणि कागद न करताच भांडेन.

आता दुसरी बाजू. इथे आलेले आपले लोक वर्षभरात शहाणे होतात आणि घरच्यांना व्यवहार शिकवू लागतात. एकत्र कुटुंब म्हणजे गोंधळ, प्रत्येकाने आपलं बघावं, वगैरे. त्यांना मी इथल्या वृद्धाश्रमाचा हिशेब सांगतो. काळजी विम्याने, म्हणजे म्हातारपणी सांभाळ करावा लागला तर त्याच्या खर्चासाठी इथे असलेल्या विम्याने, आपला वाटा दिल्यावरही पहिल्या वर्षी राहणाऱ्याला स्वतःच्या खिशातून महिन्याला सरासरी तीन हजार युरोंच्या आसपास भरावे लागतात. मुलांकडून वसुली होते ती त्यांचं वार्षिक उत्पन्न लाखभर युरोंच्या वर असेल तरच; २०२० पासून तसा कायदा आहे. म्हणजे बऱ्याच म्हाताऱ्यांचं घर विकलं जातं, बचत संपते, मग सरकार बघतं. आमच्या गावी हे सगळं काम घर करतं आणि बिल येत नाही.

बिल येत नाही, पण खर्च होतोच. तो कोण करतं? गावी राहिलेला भाऊ, आणि त्याहून जास्त त्याची बायको. वडिलांची शुगर, दर महिन्याला एसटीने धुळ्याच्या डॉक्टरकडची फेरी, आईचे गुडघे, पाहुणे, सण, कानबाई. परदेशातला भाऊ वर्षातून एकदा बॅग भरून चॉकलेटं घेऊन येतो आणि 'मी दर महिन्याला पैसे पाठवतो' म्हणतो. पाठवतो, पण ते औषधाचे. वहिनीच्या दिवसाचे कोणी मोजले? इथे घरच्या माणसाने म्हाताऱ्याची काळजी घेतली तर काळजी विमा त्या म्हाताऱ्याला दरमहा रक्कम देतो. किती सांभाळ लागतो यावरून श्रेणी ठरते; दुसऱ्या श्रेणीला २०२५ मध्ये ती रक्कम ३४७ युरो होती. आणि आठवड्याला किमान दहा तास सांभाळणाऱ्या लेकीच्या किंवा सुनेच्या नावे पेन्शनचे हप्तेही ठरावीक अटींवर भरले जातात. जर्मन सुनेच्या कामासाठी इथला विमा पेन्शनचे हप्ते भरतो आणि आपण आपल्या सुनेला 'आमची वहिनी म्हणजे घराची लक्ष्मी' म्हणून मोकळे होतो.

म्हणून परदेशातल्या भावंडांना माझं सांगणं असं, की आई-वडिलांच्या खर्चासाठी पाठवता ते वेगळं ठेवा आणि वहिनीच्या स्वतःच्या खात्यावर तिच्या नावाचे वेगळे पाठवा. 'घरातल्या माणसाला पगार देतोस काय?' असं कोणी विचारेल. विचारू द्या. जमिनीच्या वाटणीत गावी राहिलेल्या भावाने जास्त मागितलं की आपण जे तोंड वाकडं करतो ना, तेही जरा सरळ ठेवा.

पण हा जास्तीचा वाटा बहिणीच्या हिश्श्यातून काढायचा नाही. आमच्याकडे कोणी गेल्यावर गंधमुक्तीचा कार्यक्रम झाला की पाहुणे जायच्या आत हक्कसोडाची गोष्ट निघते. बहीण रडत असते, पेन पुढे येतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तिला सोडायचा असेल तर ती सोडेल. निदान महिनाभर थांबा आणि तिला काय सोडतेय त्याचा आकडा सांगा. वडिलांनी जिवंतपणी मृत्युपत्र केलं तर स्वकष्टाच्या मिळकतीचा प्रश्नच मिटतो. त्याला नोंदणीची सक्ती नाही. वडिलांची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. जर्मनीत तर साक्षीदारही लागत नाही, पण मग पूर्ण मजकूर स्वतःच्या हाताने लिहावा लागतो. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे सगळं झालं, असं समजू नका. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांसाठी सांभाळायला.

हे ऐकून गावाकडचे म्हणतात, आधी तू तुझा आकडा सांग. बरोबर आहे. घरी लोक युरोला शंभरने गुणतात आणि तिथेच थांबतात. एकट्या माणसाला चार हजार युरो पगार असेल तर कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून हातात अडीच हजारांच्या थोडे वर येतात, आणि श्टुटगार्टमध्ये भाड्यातच हजार-बाराशे जातात. हे आम्हीच लपवतो, कारण चार लाख महिना ऐकायला वडिलांना बरं वाटतं. मग गावातल्या लग्नाची वरण-बट्टीची पंगत आपल्या नावावर लागते आणि आपण क्रेडिट कार्ड काढतो. भावाने सही करावी असं वाटत असेल तर आपली पगाराची स्लिप ग्रुपवर आधी टाकायला हवी. मी टाकली. दोन दिवस ग्रुप शांत होता.

तसंच 'ती शेजारची दोन एकर तुझ्या नावावर घेऊन ठेव' हेही बंद करा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मिळाली तर ठेवता येते. भावाच्या नावावर घेऊन 'तोंडी माझी' म्हणणं, यासारखी भांडणाची पक्की पेरणी दुसरी नाही.

चुलतभावाच्या त्या चार ओळींवर शेवटी सही झाली. आप्पांनीच साक्षीदार म्हणून अंगठ्याऐवजी झोकदार सही केली आणि खाली तारीखही घातली. आता वाद आहे तो घरातले सगळे कागद एका फायलीत घातल्यावर ती ठेवायची कोणाकडे. गावचा भाऊ म्हणतो माझ्याकडे, पुण्याचा म्हणतो स्कॅन करून माझ्याकडे. मी सुचवलं, धुळ्याला दिलेल्या बहिणीकडे ठेवा. दोघांनाही ते अजून पटलेलं नाही.