टाकी कशाने भरते ते विचारा

घर बघताना काय विचारावं, यावरच्या लेखातला 'पाणी चोवीस तास येतं का, ते विचारून घ्या' हा सल्ला अपुरा वाटला. टाकी भरलेली असली की नळाला पाणी येतंच की! ती महापालिकेच्या पाण्याने भरते, बोअरने की टँकरने, हा खरा प्रश्न. पुण्यात वाघोली, उंड्रीकडे घर बघणाऱ्यांनी तर आधी हेच विचारावं. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या १०० घरांना रोज ५४ हजार लिटर लागतात, म्हणजे १० हजार लिटरचे जवळपास साडेपाच टँकर. गेटवर वॉचमनकडे बहुधा टँकरची वही असते. तिची एप्रिल-मेची पानं उलटा, ऑगस्टची नकोत. आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की दर महिन्याला वेगळा वाटून घेतात, हे सेक्रेटरींना विचारा. एजंट 'सगळं त्यातच आहे हो' म्हणून मोकळा होतो.

बाथरूममध्ये शॉवरची जाळी जवळून पाहा. भोकांभोवती पांढरे क्षार साचून अर्ध्या धारा वाकड्या उडत असतील, तर पाणी जड आहे; गीझरच्या कॉइलवरही तोच थर बसतो, मग पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) खिशात मावतो, सोबत न्या. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत (मीटरवर ५०० पीपीएम) ठीक. फक्त मोजताना स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घेऊ नका (घाईत हीच चूक होते), बाथरूमच्या नळाचं घ्या.