मारबत तीच, बडग्या नवा

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, नातवाला मारबतीची मिरवणूक दाखवायला नागपूरच्या महाल भागात घेऊन गेले. दरवर्षी नेतात. एका बंद दुकानाच्या पायरीवर त्याला उभं केलं आणि स्वतः पुढे हात आडवा धरून उभे राहिले. ईडापीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा म्हणजे मारबत. काळी मारबत आली, पिवळी आली, मागून बडगे, म्हणजे दरवर्षी नव्या विषयावर केलेले पुरुषी पुतळे, आले. सगळी गर्दी एका सुरात ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आमचा साडेसात वर्षांचा लेक दोन-तीनदा सगळ्यांसारखाच ओरडला आणि मग बेंबीच्या देठापासून ओरडला, "जियानचं गाणं घेऊन जा गे मारबत!"

बाजूच्या पायरीवरचे चार-पाच पोट्टे आधी हसले, मग तेही तेच ओरडायला लागले. कोणी कोणाच्या ओळखीचं नव्हतं, पण जियानचं गाणं काय चीज आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या बाबांना.

घरी आल्यावर चहा घेता घेता त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, डोरेमॉनमधला दांडगट मुलगा आहे, भयंकर गातो आणि सगळ्यांना बळजबरीने ऐकवतो. बाबा म्हणाले, "म्हणजे तेच ते कार्टून ना? रोज तो चष्मेवाला पोट्टा रडते, रोज ते निळं मांजर खिशातून काहीतरी काढते. तेच तेच काय पाहून राहते हा दिवसभर?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच चालू आहे, म्हणून इथे लिहिते. हा प्रश्न एकट्या बाबांचा नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या आया हेच म्हणत मुलांच्या हातून रिमोट काढून घेतात. किती वेळ पाहावं हा वेगळा विषय आहे, त्यावर आमच्याही घरी भांडणं होतात. पण "त्यात काही नाही, नुसतं तेच तेच आहे" हे मला मान्य नाही.

तेच तेच आहे, हे मात्र खरं. नोबिता, तोच तो चष्मेवाला, शाळेत शून्य मार्क मिळवतो, नाहीतर जियान आणि त्याचा जोडीदार सुनियो यांच्याकडून मार खातो किंवा टोमणे ऐकतो. धावत घरी येतो, "डोरेमॉन!" म्हणून गळा काढतो. डोरेमॉन आधी नाही म्हणतो, मग पोटावरच्या खिशातून एक गॅजेट काढून हात उंचावून त्याचं नाव सांगतो. नोबिताचं काम फत्ते होतं. तिथेच थांबला असता तर बरं, पण त्याला हाव सुटते, तो नको तिथे ते वापरतो आणि सगळं त्याच्यावरच उलटतं. अकरा-बारा मिनिटांत गोष्ट संपते. दुसरी सुरू होते तेव्हा पहिलीतलं काही कोणाच्या लक्षात नसतं. नोबिता काही शिकलेला नसतो, मोठा झालेला नसतो.

याचं एक कारण मला फार आवडतं. डोरेमॉन मुळात टीव्हीसाठी जन्मलाच नाही. फुजिको एफ. फुजिओ यांनी ती चित्रकथा जपानमधल्या मुलांच्या मासिकांसाठी काढायला घेतली. डिसेंबर १९६९ मध्ये, म्हणजे जानेवारी १९७० च्या अंकांतून, ती एकदम सहा मासिकांत सुरू झाली. त्यातली बरीचशी एकेका इयत्तेची होती: पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं. मूल वरच्या वर्गात गेलं की मासिक बदलायचं आणि त्याच्या जागी नवीन मूल यायचं. म्हणजे वाचक दरवर्षी नवा. त्याला मागचं काही माहीत असणार नाही हे धरूनच प्रत्येक गोष्ट रचावी लागे. आता विचार करा, दर महिन्याला अनेक गोष्टी, आणि प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच वाचणाऱ्यालाही कळली पाहिजे. अशा वेळी पात्रांच्या खुणा ठळक आणि पक्क्याच हव्यात. शून्याचा पेपर दिसला की नोबिता, माइक दिसला की जियान, उंदीर दिसला की डोरेमॉनची बोंब.

उंदराचंही तसंच. डोरेमॉन बाविसाव्या शतकातला मांजर-रोबो. त्याचे कान उंदराने कुरतडले, तेव्हापासून मांजर असून तो उंदराला भितो. त्याची उंची १२९.३ सेंटीमीटर, वजन १२९.३ किलो. चौथीतल्या मुलाच्या सरासरी उंचीएवढा तो केला, म्हणजे मुलाला त्याच्याकडे मान वर करून पाहावं लागू नये. आणि मग त्या एका आकड्याचाच खेळ झाला: उंदीर दिसला की तो १२९.३ सेंटीमीटर उंच उडतो आणि ताशी १२९.३ किलोमीटरने पळतो. जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२, तिच्यातही १२, ९ आणि ३ आहेतच. लेकाला हे सांगितलं तेव्हा त्याने दाराच्या चौकटीवर पट्टी धरून १२९.३ वर पेन्सिलने रेघ मारली. तो अजून तिच्या खाली आहे. रोज सकाळी दप्तर घेताना तिथे टाच टेकवून उभा राहतो.

पण हे तेच तेच मुलांना का आवडतं? मला वाटतं, आपण सगळे याच वाटेने मोठे झालो. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट आठवा. कावळा पावसात भिजत दारात उभा, "चिऊताई चिऊताई, दार उघड." आणि चिमणी म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, बाळाला पुसू दे. थांब, तीट लावू दे. लहानपणी मला या गोष्टीत पुढे काय होतं याची उत्सुकता कधीच नव्हती, ते तर पाठच होतं. मजा "थांब"ची होती. आई ते सांगताना जरा थांबायची आणि मी ते "थांब" तिच्याआधी म्हणायची. एखाद्या रात्री आई दमली असली की तीट गाळून थेट दार उघडायची, आणि मी अंथरुणात उठून बसायची, "तीट राहिली!" म्हणून. गोष्ट कशी रचलेली असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्यातून काय काढलेलं चालत नाही हे मला चार वर्षांच्या वयात कळत होतं.

आमचा लेक जियानची मैफल पाहतो तेव्हा अगदी हेच करतो. मे महिन्याची दुपार, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर घरघरतोय, वाळ्याच्या टट्ट्यांचा ओला वास खोलीभर. पडद्यावर ते मोकळं मैदान, तिथे एकावर एक रचलेले सिमेंटचे पाइप. जियान उभा राहतो, घसा साफ करतो. अजून एक सूरही निघालेला नसतो, आणि आमचा हा कानांवर हात ठेवून चटईवर आडवा होतो, डोळे पांढरे करतो, एक पाय हवेत झाडतो. मग एका डोळ्याने हळूच पडद्याकडे बघतो, तिथल्या मुलांची आपल्यासारखीच गत झाली की नाही ते. झालेली असते. मग तो हसतो. आणि त्या मैफलीत एक फार सुंदर जागा येते: मुलांच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि जियानला वाटतं, गाणं काळजाला भिडलं! तोही गहिवरतो आणि आणखी एक गाणं घेतो.

ही गंमत मला मोठ्या प्रतीची वाटते. जियान गल्लीतला सगळ्यात ताकदवान मुलगा. सगळ्यांना मारतो, खेळणी हिसकावतो. त्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. अशा माणसावर लहान मुलाने हसायचं कसं? गाण्यामुळे ते हसता येतं. शिवाय त्याची आई आहेच. ती किराण्याचं दुकान चालवते, दिसली की कान धरून त्याला घरी नेते, आणि हा वाघ क्षणात शेळी होतो. माझ्या लेकाला व्हॅनमध्ये एक मोठा मुलगा रोज खिडकीची जागा सोडायला लावायचा. मला हे बरेच दिवस माहीत नव्हतं. कळलं ते असं की एका संध्याकाळी हा आरशासमोर जियानचा आवाज काढून त्या मुलाच्या नावाने गाणं म्हणत होता. मग मी त्याच्याशी बोलले, व्हॅनवाल्या दादांशीही बोलले. पण ती गोष्ट बाहेर आली ती जियानमुळे, हे मी विसरणार नाही.

आता मला न आवडणारंही सांगते. नोबिताची मैत्रीण शिझुका आंघोळ करत असताना नोबिता चुकून तिथे पोचतो आणि ती किंचाळते, हा विनोद कितीतरी वेळा आला आहे. मला तो अजिबात चालत नाही. जियानच्या गाण्यावर हसताना हसू दांडगाईवर जातं. इथे एका मुलीची लाज हाच हसण्याचा विषय होतो, आणि तिने काय केलं म्हणून? मी तो भाग पुढे ढकलते आणि का ढकलते हे लेकाला सांगतेही. तो ऐकतो. एकदा तर माझ्याआधी त्यानेच रिमोट उचलला. पुन्हा पुन्हा येणाऱ्या विनोदात ताकद असते ती अशी दोन्हीकडे चालते, म्हणून आईबापांनी शेजारी बसून पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तर बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. बाबा, तुम्ही जन्मापासून नागपूरला आहात आणि समज आल्यापासून मारबत पाहता. काळी तीच, पिवळी तीच, घोषणा तीच. कोणी तुम्हाला म्हणालं का, तेच तेच काय पाहता? आणि तरी घरून निघताना तुम्हीच म्हणता, "चल, यंदा बडग्या कशाचा केला पाहून येऊ." कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. मारबत बदलली तर तुम्ही भांडाल, आणि बडग्या मागच्या वर्षीचाच आणला तर नाराज व्हाल. डोरेमॉनचं याहून वेगळं काय आहे? नोबिताचं रडणं ही मारबत. खिशातून निघणारं गॅजेट हा बडग्या. रडणं कधी चुकत नाही, आणि आज खिशातून काय निघेल याचा अंदाज कोणाला येत नाही.

त्या खिशाचीही एक चाल आहे, ती माझी सगळ्यात लाडकी. खरं संकट आलं, भूत समोर उभं राहिलं, की डोरेमॉनचे हातपाय गळतात आणि हवं ते गॅजेट त्याला सापडत नाही. हे नाही, तेही नाही, म्हणत तो एकेक वस्तू मागे फेकतो: किटली, बूट, तवा, काय काय. बाविसाव्या शतकातलं यंत्र, आणि गत माझ्यासारखी, दारात रिक्षा उभी आणि पर्समध्ये घराची किल्ली सापडत नाही. लेकाला त्या फेकलेल्या वस्तू मोजायच्या असतात. आम्ही थांबवून मोजतो.

गोष्ट इतकी घट्ट बसवली की मग ती एकदाच मोडता येते, आणि मोडली की काळजात कळ येते. १९७४ मध्ये फुजिओंनी तेच केलं. डोरेमॉन भविष्यात परत जायला निघतो. आदल्या रात्री नोबिताची जियानशी गाठ पडते, मारामारी होते. हीच ती वेळ, जेव्हा शेकडो वेळा त्याने "डोरेमॉन!" अशी हाक मारली आहे. त्या रात्री तो हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा जियानचा पाय धरतो. आपल्याला एकट्याला जमतं हे दिसलं नाही तर डोरेमॉन निश्चिंत मनाने जाणार नाही, म्हणून. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो.

२०१४ च्या 'स्टँड बाय मी डोरेमॉन' या सिनेमात हा प्रसंग आहे. पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही तो घरी लावला. बाबाही आरामखुर्चीत होते, पेपर उघडून. मारामारी सुरू झाली तेव्हा लेक सवयीने पुढे सरकला, तोंड उघडलं, हाक त्याच्या ओठांवर आली होती. पडद्यावर ती आलीच नाही. तो माझ्याकडे वळला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून सिनेमाभर तसाच बसला. एक शब्द बोलला नाही. बाबांचा पेपर मांडीवर आलेला होता.

डोरेमॉन पुढे परत येतो. मूळ चित्रकथेत तो पुढच्याच महिन्यात आला, आणि तोही एका गॅजेटमुळेच: ते प्यायलं की आपण बोलू त्याच्या उलट होतं. नोबिता दुःखाने म्हणतो की तो आता कधीच येणार नाही, आणि घरी जाऊन बघतो तर तो हजर. सिनेमातही तसंच होतं. लेकाच्या जिवात जीव आला, पण ओढणी सुटली नव्हती.

रात्री जेवताना त्याने ताटातला भात चिवडत विचारलं, "आबा, उद्याच्या भागात नोबिता पुन्हा डोरेमॉन म्हणून रडेल ना?"

माझ्याआधी बाबाच बोलले. "रडते ना बे. रोजच रडते तो."