वापिटी भंगार नव्हतं हो!

‘वेस्टलँड वापिटी हे गोऱ्यांनी टाकून दिलेलं भंगार भारतीयांच्या गळ्यात मारलं’ हे आपल्या हवाई दलाच्या पहिल्या विमानाबद्दल तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिघ रोडवर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली, तेव्हा 5 वैमानिक आणि 4 वापिटी एवढाच संसार होता, हे खरं. पण वायव्य सरहद्दीवर तेव्हा खुद्द ब्रिटिश वैमानिकही हीच विमानं उडवत होते! कंजूषपणा म्हणायचाच तर तो मुळात आराखड्यातच होता. पहिल्या महायुद्धातल्या डीएच-9ए विमानांचे सुटे भाग गोदामात पडून होते, ते वापरून नवं विमान करा अशी अटच होती. म्हणून पंख जुन्या वळणाचे आणि इंजिन मात्र ज्युपिटर. हे हवेवर थंड होणारं इंजिन, रेडिएटरची भानगडच नाही. त्याच सरहद्दीवरच्या वझिरीस्तानच्या उन्हाळ्यात ते केवढं सोयीचं, हे घाटात गाडी तापून अडकलेल्याला वेगळं सांगायला नको.

आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनारा-संरक्षण तुकडीनेही वापिटीच उडवली, त्याचा लेखात उल्लेखच नाही. तेव्हा मात्र ती खरंच म्हातारी झाली होती, तिथे तुमचा मुद्दा मान्य. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात एक वापिटी ठेवलंय. मी बघितलं तेव्हा वैमानिकामागे बसणाऱ्या निरीक्षकाच्या उघड्या जागेकडेच बघत राहिलो. डोक्यावर छप्पर नाही, चहूबाजूंनी वारा, आणि तिथून खाली टेहळणी करायची!