तार ओढली म्हणजे सीमा बंद झाली?

“सगळ्या सीमांना काटेरी कुंपण घाला, नेपाळ-म्यानमारची मोकळी ये-जा थांबवा, शेजाऱ्यांना व्हिसा लावा, सुरक्षा आपोआप येईल” अशा आशयाचा मजकूर सध्या फोनाफोनी फिरतो आहे. त्यामागची काळजी खोटी नाही. उपाय मात्र सीमेवरचं काम कसं चालतं हे न पाहता सुचवलेला आहे. त्यातले दावे एकेक करून घेऊ.

“कुंपण अर्धवट आहे म्हणून घुसखोरी होते.”
बांगलादेशला लागून आपली ४,०९६ किलोमीटर सीमा आहे आणि त्यातल्या सुमारे ३,२०० किलोमीटरवर कुंपण उभं आहे. उरलेला काही भाग भूसंपादनात अडकला आहे. काही ठिकाणी नदी-दलदल अशी की खांबच टिकत नाही. आसामात धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेचा ६१ किलोमीटरचा पट्टा असाच. पुरागणिक वाळूची बेटं जागा बदलतात, म्हणून २०१९ पासून तिथे तारेऐवजी कॅमेरे आणि सेन्सर बसवले गेले.

आणि जिथे तार आहे, तिथे ती करते काय? माणसाला उशीर करते, बस. त्या उशिरात गस्त पोचली तरच तिचा उपयोग. म्हणजे कुंपणाला समांतर रस्ता हवा, दिवे हवेत, चौक्या जवळजवळ हव्यात. यातलं एक कमी पडलं की तार कापली जाते, शिडी लागते किंवा जम्मूत सांबाकडे सापडली तशी खालून भुयारं निघतात.

आणखी एक अडचण या मजकुरात कुठेच नाही. १९७५ च्या भारत-बांगलादेश मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्यरेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणासाठीचं बांधकाम करायचं नाही. त्यामुळे आपलं कुंपण बहुतेक ठिकाणी आपल्याच हद्दीत आत सरकलेलं आहे, आणि तार व शून्यरेषा यांच्या मधल्या पट्टीत भारतीय शेतं आहेत, काही ठिकाणी घरंही. तिथला शेतकरी ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळी गेटमधून स्वतःच्या रानात जातो. गेट उशिरा उघडलं तर दिवसाचं काम बुडतं. रात्री कुणी आजारी पडलं तर कुलूप उघडेपर्यंत थांबावं लागतं. अनोळखी माणूस शिवारात दिसला की पहिली खबर याच शेतकऱ्याकडून येते. तो वैतागला, गप्प बसला, की तारेची किंमत निम्म्यावर आली म्हणून समजा.

“नेपाळची सीमा उघडी, म्हणजे कुणीही येतं.”
कुणीही नाही. १९५० च्या करारामुळे ही मोकळीक फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांना आहे. तिसऱ्या देशाच्या माणसाला व्हिसा लागतो आणि सोनौली, रक्सौलसारख्या ठरलेल्या चौकीवर शिक्का घ्यावा लागतो. विमानाने येणाऱ्या नेपाळी-भारतीय प्रवाशालाही ओळखीचा पुरावा द्यावाच लागतो.

गैरफायदा घेतला जातो, हे खरं. ऑगस्ट २०१३ मध्ये दहशतवादाच्या गुन्ह्यांत हवे असलेले अब्दुल करीम टुंडा आणि यासीन भटकळ यांना याच सीमेलगत पकडल्याचं जाहीर झालं. पण १,७५१ किलोमीटरच्या सीमेवर नेमका माणूस सापडतो तो खबरीमुळे. इथे दोन्ही बाजूंमध्ये रोटी-बेटी व्यवहार आहे. उद्या व्हिसा लावला तर लग्नाला निघालेलं वऱ्हाड घरी बसणार नाही, बांधावरून जाईल. मग या सीमेवर पहारा देणाऱ्या सशस्त्र सीमा बलाच्या जवानाला चौकीवर दिसणारी माणसं शेतात शोधावी लागतील, आणि त्याच गर्दीत खरा गुन्हेगार मिसळलेला असेल.

“म्यानमारची मुक्त ये-जा तर सरकारनेच रद्द केली.”
अर्धंच खरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती संपवण्याची आणि १,६४३ किलोमीटर कुंपणाची घोषणा झाली. त्याच वर्षाअखेरीस नवे नियम आले: सीमेलगत राहणाऱ्यांना असलेली मुभा १६ किलोमीटरवरून १० वर, ठरलेल्या जागांवरूनच प्रवेश, तिथे पहारा देणाऱ्या आसाम रायफल्सकडून सात दिवसांचा पास. दार लावून घेण्यापेक्षा ही मोजदाद आहे, आणि ती योग्य दिशा आहे. कच्चा दुवा पुढे आहे. मुदत संपूनही पास परत आला नाही, तर ते नाव त्याच दिवशी राज्य पोलिसांकडे गेलं पाहिजे. नाही तर पास म्हणजे नुसता कागद. (नागालँडमधल्या लोंगवा गावात आंगचं, म्हणजे गावप्रमुखाचं, घरच सीमारेषेवर आहे. तार कुठल्या खोलीतून न्यायची, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.)

“व्हिसा असला की धोका टळतो.”
२६/११ चे हल्लेखोर समुद्रातून, बळकावलेल्या भारतीय मासेमारी नौकेतून आले. व्हिसा संपूनही राहणारा परदेशी तर विमानतळावरून रीतसर आत आलेला असतो. त्याला शोधायचं काम सीमेपासून शेकडो किलोमीटर आत, हॉटेलने पाठवलेल्या नोंदी आणि परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय यांच्या ताळमेळातून होतं.

“मोकळीक आणि कडक तपासणी एकत्र नांदत नाहीत.”
पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याला जाणारी मार्गिका ९ नोव्हेंबर २०१९ ला उघडली, तीही पाकिस्तानच्या सीमेवर. व्हिसा नव्हता, पण पासपोर्ट लागायचा, आगाऊ नोंदणी लागायची, दिवसाला ५,००० यात्रेकरूंची मर्यादा होती, आणि त्याच दिवशी परत यावं लागायचं. कोण गेलं, कोण आलं, याची यादी रोज संध्याकाळी जुळवता येत होती. मे २०२५ मध्ये संबंध बिघडले, तेव्हा भारताने ती एका आदेशात बंद केली.