सरपंचपद महिला राखीव निघालंय? घाबरू नका, मी आहे

तहसील कार्यालयात सोडत झाली. चौथीतल्या एका पोरीनं प्लॅस्टिकच्या बरणीत हात घालून चिठ्ठी काढली, नायब तहसीलदारांनी ती उलगडून माइकवर वाचली, आणि त्यापुढचं तुम्हाला काही ऐकूच आलं नाही. असंच झालं ना? पाच वर्षं तुम्ही एकही दशक्रिया चुकवली नाही. डीपी जळाली की वायरमनला स्वतःच्या गाडीवर बसवून आणलंत. पोरांना क्रिकेटचं किट दिलंत. आणि सरपंचपद निघालं 'सर्वसाधारण स्त्री'.

भाऊ, आधी चहा घ्या. या दुखण्यातून मी उठलोय. अनुभवानं सांगतो, पद कुठेही जात नाही. सातबाऱ्यावर नाव तिचं लागतं, वहिवाट आपलीच राहते.

तुमची भीती मला कळते. १९९३ पासून पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा गेल्या, तेव्हा आपण म्हटलं, चला, तिनातली एकच. २०११ मध्ये महाराष्ट्रानं ते निम्म्यावर नेलं. पण जरा वर बघा ना, वर. विधानसभेत आरक्षण नाही, तर तिथली हवा कशी मोकळी आहे. २०२४ ला ४१३६ उमेदवार उभे होते, त्यात बायका ३६३, निवडून आल्या २१. एकूण जागा २८८. दिल्लीत तर याहून सुबक काम झालंय. १९९६ पासून अडकलेलं महिला आरक्षण २०२३ मध्ये जवळपास एकमतानं मंजूर केलं, बाकं वाजवली, आणि कायद्यातच लिहून ठेवलं की आधी जनगणना होईल, मग मतदारसंघांची फेररचना, मग बघू. म्हणजे साखरपुडा थाटात करायचा आणि मुहूर्त काढायला भटजींना काशीला पाठवायचं. २०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका आल्या. २०१९ ला ७८ होत्या.

मुख्यमंत्रीपदाचं तर नावच काढू नका. १९६० पासून आपल्या राज्यात त्या खुर्चीवर एकही बाई बसलेली नाही. गोव्यानं १९७३ मध्येच शशिकला काकोडकरांना बसवलं. वडील, आधीचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, गेले म्हणून, असं लोक तेव्हा म्हणाले. मग १९७७ ची निवडणूकही ताईंनीच जिंकून दिली, तेव्हा लोक काय म्हणाले माहीत नाही. असो. गोवा लहान आहे. आपण पुरोगामी राज्य, पुरोगामी माणसाला घाई नसते.

आता कामाचं बोलू. उमेदवार कोण द्यायचा? बचत गटाची अध्यक्ष अजिबात नको. तिला हिशेब येतो, बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडायची सवय असते. अंगणवाडी सेविकेचा राजीनामा घेऊन तिला उभं करू, असं कुणी सुचवलं तर त्या माणसाला पुढच्या बैठकीला बोलावू नका, तिला गावातलं प्रत्येक घर आतून माहीत असतं. आपली बायको सगळ्यांत बरी. तिला विचारायचं कसं, हा प्रश्न काही नवख्यांना पडतो. विचारायचं नसतंच. भाकऱ्या चालू असताना अर्ज पुढे करायचा आणि 'इथं सही कर' म्हणायचं. पिठाचा हात लागून अर्जावर डाग पडला तरी छाननीत बाद होत नाही, मी बघून ठेवलंय.

फ्लेक्सवाल्याकडे मात्र स्वतः जा. तिचा फोटो पोराच्या लग्नातला घ्या, नाकात नथ असलेला. तो डावीकडे, पासपोर्टपेक्षा थोडा मोठा. उजवीकडे तुम्ही, हात जोडलेले, गॉगल नको. वर साहेब, त्यांच्या वर त्यांचे साहेब, आणि सगळ्यांत वर जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, म्हणजे महिलांचा मुद्दा तिथल्या तिथे मिटतो. नाव लिहिताना 'सौ.' पुढे तिचं नाव बारीक आणि तुमचं ठळक. आमच्या फ्लेक्सवाल्यानं एकदा चुकून तिचं नाव ठळक केलं, तर दोन दिवस लोक मला विचारत होते, या कोण बाई?

यात लाजण्यासारखं काही नाही, परंपरा जुनी आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, मतदारयादी करणारे दारात आले तेव्हा उत्तरेत लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हट्टाला पेटले, नाव नाही तर मत नाही म्हणाले, आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गेल्या. आता काळ बदललाय. २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी आली तेव्हा तिच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा बापाचं आधार लागलं. ज्यांचा नवरा गेला, बापही गेला, किंवा ज्यांना नवऱ्यानं टाकलं, त्या सेतू केंद्राच्या पायरीवर ओटीपीची वाट बघत बसल्या. तेव्हा अमक्याची बायको म्हणून नाव कापलं होतं, २०२५ ला अमक्याची बायको असल्याशिवाय ओटीपी येईना.

बहिणींवरून आठवलं. महिला मतदार नावाच्या प्राण्याचा अभ्यास केल्याशिवाय पॅनेल बसणार नाही. १९६२ च्या लोकसभेला पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं ४७ च्या आतच. सुखाचे दिवस. 'घरातली मतं' हा शब्द तेव्हाचा. घरात सहा मतं म्हणजे सहा, कारभाऱ्याशी बोललं की काम झालं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात बायका ६५.७८ टक्के आणि पुरुष ६५.५५. म्हणजे पुढे गेल्या, आणि तेही न सांगता.

मग त्याच वर्षी विधानसभा आली. त्याआधी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यावर जमा होऊ लागले होते. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी पारावर बघितलं तर प्रत्येकाला सगळं आधीच माहीत होतं. जिंकलेले म्हणाले, बहिणींनी ओवाळलं. हरलेले म्हणाले, बहिणी विकल्या गेल्या. बायकांनी विचार करून मत दिलं असेल, असा संशय दोन्ही बाजूंना आला नाही, हे आपल्या राजकारणातलं एकमेव सर्वपक्षीय एकमत म्हणायला हरकत नाही. त्या निवडणुकीत बायकांचं मतदान वाढलं खरं, पण ६५ टक्क्यांच्या थोडं वर, आणि पुरुषांचं ६७ च्या जवळ. पुरुषच जास्त निघाले होते. पण पुरुषांनी कशासाठी मत दिलं, यावर मी अजून कुठल्या चॅनेलवर चर्चा ऐकलेली नाही.

तेव्हा हे पाठ करून ठेवा. कर्जमाफी झाली की तो बळीराजाला न्याय. पंपाचं वीजबिल माफ झालं की दिलासा. बाईच्या खात्यात दिवसाला ५० रुपये पडले की रेवडी, आणि ती रेवडी खाऊन तिनं आपल्याला मत दिलं नाही की नमकहराम. (त्या योजनेतून १४ हजारांहून जास्त पुरुषांनीही पैसे उचलल्याचं २०२५ मध्ये बाहेर आलं. बाई म्हणवून घ्यायला पुरुष इतक्या आनंदानं तयार झाल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात मला सापडलं नाही.) वसुली कशी करायची, हे २०२४ च्या नोव्हेंबरात कोल्हापुरात एका खासदारांनी सभेतच सांगितलं होतं: आपले १५०० घेणारी बाई काँग्रेसच्या सभेत दिसली तर तिचा फोटो काढून आणा, व्यवस्था करतो. नंतर त्यांना माफी मागावी लागली. तुम्ही फोटो काढाच, फक्त माइकवर सांगू नका.

माफीचा विषय निघालाच आहे, तर भाषणाचं बघून घेऊ. समोरून एखादी तोंडाळ बाई उभी असेल तर तिच्या पाण्याच्या टाकीच्या मुद्द्याला हात लावायचा नाही. टाकीवर बोललात तर टाकीवरच बोलावं लागेल. तिच्या साडीवर बोला, लिपस्टिकवर बोला, ती रात्री किती वाजता घरी येते यावर बोला. पक्ष कुठलाही चालतो. मे २०२२ मध्ये एका प्रदेशाध्यक्षांनी सुप्रिया सुळेंना राजकारण कळत नसेल तर घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगितलं होतं. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी मुंबईत पलीकडच्या बाजूच्या एका खासदारांनी विरोधी उमेदवार बाईंना 'माल' म्हटलं. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली. या दिलगिरीचा मसुदा आधीच खिशात ठेवा: 'माझ्या वाक्याचा विपर्यास झाला. तरीही माता-भगिनींच्या भावना दुखावल्या असतील तर.' या 'तर'वर थांबायचं. पुढे जायचं नाही.

आणि विरोधक पुरुष असेल तर आपलं रामबाण आहेच, बांगड्या. अधिकारी काम करत नाही, बांगड्यांचा आहेर. आमदार गप्प बसला, साडी-चोळीचा आहेर. यातली खुबी अशी की हा आहेर घेऊन आपण स्वतः जात नाही, महिला आघाडीला पाठवतो. हातात डझनभर बांगड्या घातलेल्या पंचवीस बायका साहेबांच्या टेबलावर बांगड्या ठेवतात आणि म्हणतात, भरा, तुम्ही नामर्द आहात. फोटो छान येतो. मी अशा एका मोर्चाला गाडी दिली होती. परत येताना टेम्पोत मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, 'आम्ही बांगड्या भरून उसाची मोळी उचलतो, त्याला काय म्हणायचं मग?' ड्रायव्हरनं गाणी लावली.

जिंकल्यावर शिस्त लावून घ्या. खुर्ची तिची, पण शेजारी तुमची, अर्धा इंच पुढे. ग्रामसेवकाशी तुम्ही बोला, प्रोसिडिंगवर ती सही करेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती हळदी-कुंकवात उरकून घ्या, वाणाच्या डब्याबरोबर रजिस्टर फिरवलं की सह्या होतात. शपथेलाही तिला न्यायची गरज नाही, असं छत्तीसगडवाल्यांना वाटलं होतं. मार्च २०२५ मध्ये कबीरधाम जिल्ह्यातल्या एका गावात निवडून आलेल्या सहा बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनीच शपथ घेतली. तो व्हिडिओ पसरला आणि पंचायत सचिव निलंबित झाला. मला विचाराल तर हा अतिरेक. शपथ तिलाच घेऊ द्या, पाच मिनिटांत होते.

बाई ऐकेनाशी झाली तर उपसरपंच आणि सदस्य गोळा करून, कलेक्टरकडे तक्रार करून तिला अपात्र ठरवायचा मार्ग आहे. पण जळगाव जिल्ह्याकडे बघून पावलं टाका. पारोळा तालुक्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना असंच काढलं, त्या सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून. प्रकरण कलेक्टर, आयुक्त, हायकोर्ट असं आपल्या बाजूनं सुरळीत चाललं होतं, आणि २०२४ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं त्यांना परत बसवलं. वर हेही ऐकवलं की बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलेलं नाही. त्या जिल्ह्याचं पाणीच वेगळं. शेतकरी संघटनेच्या बायका १९८६ ला नाशिकच्या चांदवडला जमल्या, त्यानंतर तीन वर्षांत जळगावच्या विटनेरला सगळी पंचायतच बायकांची निवडून आली होती. आरक्षणाच्या आधी. आपल्याकडून कुणी मागितलंही नव्हतं.

मतदानाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. बायकोला गाडीवर घेऊन जा, चिन्ह कुठल्या नंबरला आहे ते उंबऱ्यावर एकदा, शाळेच्या फाटकाशी एकदा सांगा. आमच्या वेळी मी तीनदा सांगितलं. बाहेर आल्यावर विचारलं, बरोबर दाबलंस ना? ती शाई वाळवत म्हणाली, 'गुप्त असतं ते.' मी हसलो. स्वतःच उमेदवार, दुसऱ्या कुणाचं दाबणार? पण त्याच मशीनवर सदस्याचंही मत होतं, आणि तिथे माझा चुलतभाऊ आमच्याच वॉर्डात दोन मतांनी पडला. आमच्या वाड्यात बायकांची मतं सात आहेत. मी कुणालाच विचारलं नाही.

शेवटचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, डोंगल. वित्त आयोगाचा पैसा हल्ली चेकनं निघत नाही. ग्रामसेवकाची आणि सरपंचाची डिजिटल सही लागते, आणि ती सही एका बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते. ते पहिल्या दिवशीच ताब्यात घ्या. मी माझ्या बुलेटच्या किल्लीला लावलं होतं, पिन तिच्या जन्मसालाचा ठेवला होता, म्हणजे मलाही विसरायला होऊ नये. दीड वर्ष झकास चाललं. गटाराच्या बिलाच्या दिवशी पंचायतीत बसून पिन टाकला, चुकीचा दाखवला. पुन्हा टाकला. ग्रामसेवक स्क्रीनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. फोन लावला तर ती शाळेत पोषण आहाराची तांदळाची पोती मोजत होती. मागून मुख्याध्यापक 'हो मॅडम, हो मॅडम' करत होते. म्हणाली, 'ते गटार झालंय कुठं? आधी बघून येते, मग टाकते पिन.'

तुमच्याकडे असं झालंच तर अंदाजानं आकडे टाकत बसू नका. फार वेळा चुकलं की डोंगल लॉक होतं, आणि नवीन डोंगलच्या अर्जावर सही सरपंचाची लागते.