टूलचे वर्णन लिहिताना झाकली मूठ कशी राखावी

एआय एजंटाच्या, म्हणजे आपल्या वतीने कामे उरकणाऱ्या भाषा-मॉडेलच्या, हाती आपण एखादे टूल, म्हणजे त्याने बोलावून वापरावयाचा तयार कोड, देता तेव्हा त्यामागचा कोड मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणते पॅरामीटर, म्हणजे टूलला पुरवायची माहिती, कोणत्या रूपात द्यावयाचे हे सांगणारा जेसन स्कीमा नावाचा आराखडा. म्हणजे त्या टूलविषयी एजंटाला जे काही कळायचे, ते सर्वस्वी आपल्या लेखणीच्या मर्जीवर आहे. इतकी सत्ता आयती चालून आली असता स्पष्ट लिहून ती घालवू नये.

आरंभ नावापासून करावा. 'गेट_डेटा' हे नाव सर्वांत सुरक्षित, कारण ते काहीच सांगत नसल्यामुळे कधी खोटे पडत नाही. वर्णनात 'डेटा आणते' एवढेच लिहावे, म्हणजे नाव आणि वर्णन यांत विसंगती काढायला कोणाला जागा उरत नाही. कोणता डेटा, ताजा की कालचा, एका वेळी किती नोंदी, काही न सापडल्यास रिकामी यादी येते की एरर, असे कोणी विचारलेच तर ते सारे कोडमध्ये आहे असे शांतपणे सांगावे. शेजारी 'फेच_इन्फो' आणि 'सर्च_रेकॉर्ड्स' अशी आणखी दोन टूल्स ठेवून द्यावीत आणि तिघांपैकी कोणते केव्हा वापरू नये, हे वाक्य मात्र चुकूनही लिहू नये. त्या एका वाक्याने एजंटाची निवड बरोबर येऊ लागते.

पॅरामीटरांकडे विशेष लक्ष पुरवावे. समजा, ३ एप्रिलची बैठक ठरवायची आहे आणि आपण 'डेट' हा पॅरामीटर नुसता 'स्ट्रिंग', म्हणजे कोणताही मजकूर चालेल असा, सोडला आहे. एजंट '०३/०४/२०२५' असे पाठवतो, आपली प्रणाली महिना आधी वाचते, बैठक ४ मार्चला नोंदली जाते आणि उत्तर येते, 'यशस्वी'. एजंटही वापरकर्त्याला तितक्याच आत्मविश्वासाने कळवतो की काम झाले. कोठेही एरर नाही, लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून उपलब्ध आहे आणि वर्णनात त्याचा उल्लेख करायला अर्धी ओळ पुरते. पण अर्ध्या ओळीसाठी एवढा नितळ गोंधळ गमावणे परवडणारे नाही. 'यूजर' या पॅरामीटरचेही तेच. नाव हवे, ईमेल हवा की आयडी हवा हे गुलदस्त्यात ठेवावे आणि चुकल्यावर फक्त '४००' (विनंती चुकीची, एवढेच सांगणारा कोड) एवढे उत्तर द्यावे. एजंट तिसऱ्या प्रयत्नात आयडीपाशी पोहोचेल. मधल्या टोकनांचे (मॉडेल वाचते-लिहिते त्या शब्दतुकड्यांचे) बिल हा त्याच्या शिक्षणाचा खर्च समजावा.

नोंदी कायमच्या पुसणाऱ्या टूलचे वर्णन 'अनावश्यक नोंदी आवरते' असे घरगुती ठेवावे. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एजंटाला टूल्स जोडण्याच्या मानकात, पुढे अशा टूल्ससाठी खुणांची सोय झाली, आणि ती करणारे इतके सावध निघाले की आपण काहीच खूण केली नाही तर टूल नासधूस करू शकते असेच धरले जाते. तेव्हा येथे मौन कामाचे नाही. शेजारच्या टूलची 'केवळ वाचन' ही खूण तशीच चिकटवावी.

इतके करूनही कोणी वर्णन त्रोटक असल्याची तक्रार केली, तर सूड म्हणून सगळी नियमावली त्यात ओतावी. वर्णने प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात, त्यामुळे वापरकर्त्याने नुसते 'नमस्कार' म्हटले तरी आपला बदलांचा इतिहास अथपासून इतिपर्यंत वाचला जातो. रक्कम शतांशात (रुपयांऐवजी पैशांत) द्यायची आहे, हे वाक्य त्रेचाळिसाव्या ओळीत असावे. (प्रस्तुत लेखकाने एकदा वर्णनाच्या जागी 'तपशिलासाठी अंतर्गत दस्तऐवज पाहावा' असे लिहून दुवा दिला होता. एजंटाला तो दुवा उघडण्याचे साधनच दिलेले नव्हते. याहून आटोपशीर वर्णन लेखकाला पुन्हा साधलेले नाही.)

चाचणीच्या फंदात पडू नये. खरीखुरी वीस कामे एजंटाला देऊन तो कोणते टूल कोठे आणि काय समजून उचलतो, याची नोंद वाचत बसले की दोष आपल्याच वाक्यात सापडण्याची भीती असते. त्यापेक्षा खापर मॉडेलवर फोडावे आणि अधिक मोठे, अधिक महाग मॉडेल मागवावे. तेही हेच 'डेटा आणते' वाचेल, आणि हुशार असल्यामुळे कदाचित टूल उचलण्याआधी विचारील, 'नेमका कोणता डेटा हवा आहे?' हा आगाऊपणा वेळीच ओळखून सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला आधीच दिलेल्या सूचनांत, एक ओळ वाढवावी, 'प्रश्न विचारू नयेत.' ती मात्र अगदी स्पष्ट लिहावी.